चतुराबाईंचा चष्मा

शाळेत खिचडी शिजली की मुलांना वाढण्याआधी एका शिक्षकानं ती चाखायची आणि चव नोंदवहीत शेरा लिहून सही करायची, असा नियम आहे. आमच्या गुंडेवाडीच्या शाळेत हे काम माझ्याकडं. गेली सहा वर्षं मी रोज एकच शेरा लिहीत आलो : ‘चव चांगली आहे.’ मीठ कमी पडो, तिखट जास्त होवो, डाळ कच्ची राहो, वहीत चव चांगलीच. तपासणीला येणाऱ्या साहेबांनाही तेच वाचायची सवय झालेली असते. उगाच वेगळं काही लिहून कोण झंझट मागं लावून घेणार?

चतुराबाईंना मात्र हे खपायचं नाही. चतुराबाई म्हणजे आमच्याकडं खिचडी शिजवणाऱ्या बाई. मुलं त्यांना मावशी म्हणतात. पन्नाशी ओलांडलेली, काटक अंगाची बाई. आवाज असा की त्या चुलीपाशी बोलल्या तरी आठवीच्या वर्गात फळ्यावर लिहिणारा माझा हात थांबतो. मी चमचाभर खिचडी तोंडात टाकून वहीत खरडलं की त्या कमरेवर हात ठेवून विचारणार, “काय लिवलं, सर?”

“चव चांगली आहे.”

“खरं सांगा, कशी झाली?”

“मीठ जरा पुढं गेलंय.”

“मंग वहीत कामून न्हाई लिवलं?”

“वही साहेबांसाठी असते, चतुराबाई.”

“आन खिचडी कुनासाठी असती?” एवढं बोलून त्या पातेल्यावर डाव असा आपटायच्या की मी वही बगलेत मारून निघायचो.

ह्या बाईनं मला लिहायला शिकवलं असं मी म्हटलं की आमचे मुख्याध्यापक शिवमूर्ती सर हसतात. हसू द्या. मी व्यंकट, मराठीचा शिक्षक, मूळचा लातूरचा. एका दिवाळी अंकात माझ्या दोन कविता छापून आल्या होत्या आणि त्यांची कात्रणं मी अजून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली आहेत. तरीही मी हेच म्हणणार.

गोष्ट सुरू झाली ती ब्लॉगपासून. गेल्या वर्षी शाळा सुरू होतानाच आमचं एक प्रशिक्षण झालं. तिथं एका मॅडमनी सांगितलं की मुलं वहीत लिहितात ते फक्त मास्तर वाचतो, तेही हातात लाल पेन घेऊन. तेच ब्लॉगवर टाका, चार लोक वाचतील, मग मुलांना आपणहून लिहावंसं वाटेल. मला हे एकदम पटलं. खरं सांगायचं तर मुलांपेक्षा मलाच लोकांनी वाचावं असं फार वाटत होतं. शिवाय आदर्श शिक्षक पुरस्काराच्या अर्जात ‘राबवलेले नवीन उपक्रम’ असा एक रकाना असतो, तो माझा वर्षानुवर्षं मोकळाच होता. गावाजवळच्या मुदखेडला, माझ्या खोलीवर, परत आलो आणि आठ दिवसांत ‘गुंडेवाडी लिहिते’ नावाचा ब्लॉग उघडला. शाळेत संगणक एकच. सातवी-आठवीची मुलं पाळीपाळीनं त्यावर टाइप करायची आणि मी त्याची लिंक गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचो.

पहिल्या महिन्यात सव्वीस निबंध गेले. त्यांतले नऊ ‘माझी आई’. नऊच्या नऊ आया प्रेमळ, कष्टाळू, पहाटे उठणाऱ्या आणि ‘संस्कारांचे विद्यापीठ’ असलेल्या. कारण निबंधाचं गाईड गावात एकच होतं आणि ते घरोघर फिरायचं. खाली प्रतिक्रिया मात्र धो धो : खूप छान, अप्रतिम, अभिनंदन, जोडलेले हात, उभे अंगठे. मी खूश होतो. पुरस्कार घ्यायला जाताना कुठला शर्ट घालायचा इथपर्यंत माझा विचार गेला होता.

मग सातवीतल्या भागवतनं ‘माझी आजी’ लिहिला. ‘माझी आजी म्हणजे मायेचा सागर. तिची माया मी जन्मभर विसरणार नाही.’ एकही शुद्धलेखनाची चूक नाही. मी एवढा खूश झालो की केवळाबाईंचा, म्हणजे भागवतच्या आजीचा, फोटो मागवून घेतला आणि निबंधाच्या वर लावला. नुसता फोटो कसा उघडाबोडका दिसत होता. आमचं गाव फुलांचं. घराघरात गलांडा नाहीतर झेंडू. म्हणून सजावट करायची हौस आली आणि फोटोभोवती मी झेंडूच्या फुलांची झकास चौकट टाकली.

आता झेंडूच्या चौकटीतला म्हाताऱ्या बाईचा फोटो बघून महाराष्ट्रातल्या माणसाला काय वाटतं, हे शेंबडं पोरही सांगेल. मला सुचलं नाही. ग्रुपवरच्या एका भावी सरपंचांनी पाच मिनिटांत लिहिलं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ त्यांच्या मागून एकतीस जणांनी तेच लिहिलं. कुणीतरी ते किनवटला पाठवलं, कारण केवळाबाईंचं माहेर तिकडं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं त्यांचा भाऊ भारत, भावजय आणि दोन भाचे मुदखेडला उतरले, ऑटो करून गावात आले आणि भावजयीनं वेशीपासूनच गळा काढला. केवळाबाई अंगणात गलांड्याची फुलं निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून भावाला विचारलं, “आरं, कोन गेलं?”

त्या दिवशी केवळाबाईंच्या घरी पाहुण्यांना गोडाचं जेवण झालं म्हणतात. मला मात्र प्रसाद दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाला. केवळाबाई नातवाच्या बापाचा मोबाइल हातात नाचवत शाळेत आल्या आणि भर परिपाठात ओरडल्या, “मास्तर, म्या कवा मेले?” अख्खी शाळा हसली. शिवमूर्ती सर तोंडाला रुमाल लावून ऑफिसात गेले ते अर्धा तास बाहेर आले नाहीत.

चतुराबाई तेव्हा चुलीच्या खोलीच्या पायरीवर तांदूळ निवडत होत्या. केवळाबाई दमून गेल्यावर मी ग्रुपवरच्या लोकांच्या नावानं चरफडत होतो, तेवढ्यात त्यांनी भागवतला हाक मारली. “काय लिवलं व्हतं रं, बापू? वाचून दाव. माझा चष्मा घरी राह्यला.”

भागवतनं मान खाली घालून निबंध वाचला. त्या ऐकत होत्या आणि बोटांनी खडे वेचत होत्या.

“ही कोन बाई हाय?” त्यांनी विचारलं.

“माझी आजी.”

“केवळाबाई? ती तर शेरडाला माणसावानी शिव्या देती. परवा माझ्या पदराला तिच्या कुंपनाचा काटा लागला तर मलाच म्हनली, माझा काटा मोडला. ही मायेचा सागर कवापासून झाली?” मग त्या माझ्याकडं वळल्या. “सर, लोकांवर नाहक चिडून राहिले तुमी. जिती बाई हाय का मेलेली, हे ह्या लिवन्यातून कळतंय का? मंग लोकांनी तरी काय करावं?”

मला राग आला होता हे कबूल करतो. खिचडी शिजवणाऱ्या बाईनं मला निबंध शिकवावा? घरी जाऊन मी ब्लॉगवरचे सगळेच्या सगळे निबंध परत वाचले. नावं झाकून वाचले. एकही कुणाचा ते ओळखू येईना. रात्री जेवणही गोड लागलं नाही.

त्यानंतर मी चतुराबाईंना काही म्हणालो नाही. मुलंच आपणहून त्यांच्याकडं जायला लागली. जेवणं झाली, भांडी पालथी घातली की त्या लिंबाखाली बसायच्या. पद्धत त्यांचीच : ज्यानं लिहिलं त्यानं वाचायचं नाही, दुसऱ्यानं वाचायचं आणि नाव सांगायचं नाही. आठवीतली ज्ञानेश्वरी खणखणीत वाचायची, म्हणून बहुतेक वेळा तीच वाचे. चतुराबाई डोळे मिटून ऐकणार आणि शेवटी सांगणार, हे अमक्याच्या घरचं. ओळखलं तर लेख ब्लॉगवर जाणार. ओळखू आलं नाही तर त्या म्हणायच्या, “हे कुनाचंबी हाय. घेऊन जा.” एवढीच त्यांची परीक्षा. गाईड त्या परीक्षेत पहिल्याच आठवड्यात नापास झालं आणि कुणाच्या तरी घरी चुलीला लागलं.

भागवतनं आजीवर पुन्हा लिहिलं. त्याची आजी टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईला उत्तरं देते, तिनं ‘नमस्कार’ म्हटलं की ही ‘नमस्कार, जेवलीस का?’ म्हणते, आणि पिठात लपवलेला गूळ कुठं ठेवला ते विसरली की आळ शेळीवर घेते. सातवीतल्या धम्मप्रियानं आईवर लिहिलं. तिच्या आईचं माहेर देगलूरच्या पलीकडं, तेलंगणाच्या हद्दीत. ती सगळ्यांशी मराठी बोलते, पण फुलं मोजताना मात्र ‘ओकटी, रेंडू, मूडू’ असं मोजते, आणि मोजताना मधेच कुणी बोललं तर तेलुगूतच रागावते. हे वाचून झाल्यावर चतुराबाई डोळे न उघडता म्हणाल्या, “धम्मप्रियाची माय. मला बी एकदा तशीच रागावली व्हती. काय म्हनली ते कळलं न्हाई म्हून बरं झालं.” सगळी पोरं लिंबाखाली लोळून हसली.

आता प्रतिक्रियाही बदलल्या. ‘खूप छान’वाले गळाले, कारण आता लोक खरंच वाचत होते. कुणी लिहायचं, आमची आजी गूळ तांदळात ठेवायची. कुणी पुण्याहून, कुणी हैदराबादेत कामाला गेलेला मुलगा विचारायचा, आमच्या घरापुढची बोर अजून हाय का? मुलं त्याला उत्तर लिहायला धावत बोरीपर्यंत जाऊन बघून यायची. अशी धावणारी मुलं मी वीस वर्षांच्या नोकरीत पाहिली नव्हती, आणि ती बघून मला भरून यायचं, हे सरळ सांगून टाकतो.

आणि मग ते बारदानाचं झालं.

एक दिवस धम्मप्रियाचा लांबलचक लेख मी छापून काढला. मुलं भोवती उभी होती. मी मोठ्या रुबाबात कागद चतुराबाईंना दिला आणि म्हणालो, “आज घरी नेऊन, चष्मा लावून निवांत वाचा. उद्या सांगा.” त्यांनी कागद घेतला, घडी करून पिशवीत ठेवला. दुसऱ्या दिवशी मुलांसमोरच म्हणाल्या, “लई मनापासून लिवलं हाय पोरीनं. वाचताना डोळ्यात पानी आलं.” धम्मप्रिया आनंदानं लाल झाली. मी ऑफिसात येऊन टेबलाचा खण उघडला, तर तिचा लेख तिथंच. चतुराबाईंना मी घाईत दिला होता तो ‘तांदळाची रिकामी बारदाने परत करण्याबाबत’चा कागद.

आधी मला हसू आवरेना. मुलं घरी गेल्यावर मी त्यांना हसत हसत सांगितलं आणि त्यांचा चेहरा बघून माझं हसू गेलं. त्या पायरीवर मटकन बसल्या.

“म्या शाळा शिकले न्हाई, सर. एक अक्षर येत न्हाई. चष्मा बी न्हाई घरात. आमच्या मालकाला तरी कुटं येतं वाचायला?” मालक म्हणजे त्यांचे यजमान, किशनराव. “ह्या लेकरांला सांगू नका. सांगाल का?”

“त्यात काय एवढं, चतुराबाई?”

“तुमाला न्हाई कळनार. आजवर मला समदे खिचडीवाली म्हनले. ही लेकरं पयल्यांदा माझं ऐकून राहिली. मावशीला कळतंय म्हनत्यात. हिला वाचताच येत न्हाई म्हनलं की संपलं. उद्या लिंबाखाली कोन बसंल माझ्याजवळ?”

मी शब्द दिला. आणि तो पाळला, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. मुलांनी चष्म्याचं विचारलं की मीच कधी काच फुटली म्हणायचो, कधी दांडी तुटली म्हणायचो. पण त्याच आठवड्यात मी एक हलकटपणाही सुरू केला, तोही सांगायलाच हवा. त्यांना वाचता येत नाही हे कळल्यावर माझी चव नोंदवहीची कटकट मिटली. “काय लिवलं, सर?” असं त्यांनी विचारलं की मी खुशाल सांगायचो, “मीठ जास्त, असं लिहिलंय.” वहीत लिहायचो, ‘चव चांगली आहे.’ त्या समाधानानं मान हलवायच्या, “आता कसं!” आणि मी सही करायचो. लाज वाटायला हवी होती. तेव्हा वाटली नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरचा एक रविवार. मी लातूरला घरी होतो. मुलाच्या क्लासेसपायी बायको वर्षाराणी तिथं राहते आणि मी दर शनिवारी एसटीनं जातो. सकाळी चहा घेताना तिनं मोबाइल पुढं केला. “तुमच्या पोरांनी काय झकास लिहिलंय, बघितलं का?” ब्लॉगवर टाकायचं कसं ते मी ज्ञानेश्वरीला शिकवलं होतं आणि तिनं मला न विचारता नवा लेख टाकला होता. शीर्षक : ‘आमच्या मावशीला चष्मा पाहिजे’.

‘आमच्या मावशी आम्हाला लिहायला शिकवतात. त्यांचा चष्मा कधी घरी राहतो, कधी फुटतो, कधी त्याची दांडी तुटते. एका चष्म्याचं एवढं वाईट कसं होऊ शकतं? आम्हाला वाटतं त्यांच्याकडे चष्मा नाहीच आणि त्या लाजून सांगत नाहीत. मावशी म्हणतात खरं लिहा, म्हणून खरं लिहिलं. कुणाकडे चष्मा असेल तर सांगा.’

पोरं खऱ्याच्या इतक्या जवळ येऊन भलत्याच दारावर थाप मारत होती. मी काही बोलायच्या आत खालच्या मजल्यावरचे वैजनाथराव जिना चढून आले. त्यांचं चष्म्याचं दुकान. वर्षाराणीनं त्यांना लेख आधीच पाठवला होता. “व्यंकटराव, मला उद्या नांदेडला यायचंच हाय. तुमच्या गाडीलाच बसतो. मावशीचे डोळे आपण तपासू, चष्मा माझ्याकडून.” भला माणूस. नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? आणि खरं कारण सांगणार कसं? मी शब्द देऊन बसलो होतो.

सोमवारी शाळेत पोचताच मी चुलीपाशी गेलो आणि सगळं सांगितलं. “आज सुट्टी टाका, चतुराबाई. आजारी आहेत म्हणतो मी.”

“मंग खिचडी कोन शिजवील, तुमी?” त्या म्हणाल्या. आणि त्यांनी डाळीचं पातेलं चुलीवर चढवलं.

दुपारी सातवीच्या वर्गात वैजनाथरावांनी भिंतीवर तक्ता लावला. वर मोठी अक्षरं, खाली बारीक होत गेलेली. दारात, खिडकीत, बाकांवर, जिकडं तिकडं मुलं. आपण लिहिल्यामुळं मावशीला चष्मा मिळणार, म्हणून प्रत्येकाचा चेहरा फुललेला. चतुराबाई खुर्चीवर बसल्या. हात ओले होते, ते त्यांनी पदराला पुसले. परत पुसले.

“हां, मावशी, वरची ओळ वाचा,” वैजनाथराव म्हणाले.

चतुराबाई तक्त्याकडं बघत होत्या. मी घाईघाईनं म्हणालो, “वैजनाथराव, चित्रांचा तक्ता नाही का आणला?” तर ते म्हणाले, “कशाला? मावशी तर लेख तपासतात म्हणे.” मागून भागवतची कुजबुज आली, “ग... ग...” त्याला वाटलं, मावशीला दिसत नाही. मग धम्मप्रिया, “म...” मग खिडकीतली चार पोरं. परीक्षेत सांगावं तसं सगळा वर्ग मावशीला अक्षरं पुरवायला लागला.

चतुराबाईंनी मान वळवली. “कोन सांगून राहिलं? दुसऱ्याचं सांगितलेलं बोलायचं अस्तं का? काय शिकवलं म्या तुमाला?”

कुजबुज बंद झाली. त्या परत तक्त्याकडं वळल्या आणि सरळ बसल्या.

“मला दिसतं समदं,” त्या म्हणाल्या. “पार खालची मुंगीएवढी ओळबी दिसती. पन एकबी अक्षर कुनाचं हाय ते ओळखू येत न्हाई. म्या शाळेत गेलेच न्हाई, लेकरांनो. चष्म्याचं खोटं बोलले.”

वैजनाथराव हातातली पट्टी धरून तसेच उभे राहिले. मुलं एकमेकांकडं बघायला लागली. आता कुणी हसलं तर मी त्याला फोडून काढणार होतो, मुलांना मारायचं नाही हा नियम गेला खड्ड्यात.

ज्ञानेश्वरी पुढं आली. “म्हंजे आमचं समदं तुमी नुसतं ऐकून वळखायच्या?”

“हाव.”

“एकदा ऐकून? मागचंबी ध्यानात ठेवायच्या?”

“मंग काय करू? वही कुटं हाय माझ्यापाशी?”

ज्ञानेश्वरीनं भागवतकडं बघितलं, भागवतनं धम्मप्रियाकडं. “आयला!” भागवत म्हणाला, आणि त्या एका शब्दात एवढा आदर होता की त्याला रागवायचं मी विसरलो.

मग भागवत विचार करून म्हणाला, “पन मावशी, चष्म्याचं खोटं बोललात ते बोललातच. आता तुमालाबी लिवावं लागंल. तुमी सांगा, आमी लिवतो.”

आधी तपासणी पुरी झाली. वैजनाथरावांनी ताटात तांदूळ मागवले आणि त्यात खडे दिसतात का ते बघितलं. दूरचं उत्तम, पण जवळचं खरंच कमी दिसत होतं. इतकी वर्षं चतुराबाई खडे बोटांनीच ओळखत होत्या. आठ दिवसांनी चष्मा आला. तो लावून त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, “सर, तुमी लई म्हातारे दिसून राहिले.”

आणि त्यांचा लेख. लिंबाखाली त्या बसल्या, ज्ञानेश्वरी लिहायला. त्या घसा साफ करून सांगायला लागल्या, “मी चतुराबाई. मला शाळा लई आवडते. शाळा म्हंजे ज्ञानाचं मंदिर...” ज्ञानेश्वरीनं पेन खाली ठेवलं. “मावशी, हे कुनाचंबी हाय. परत सांगा.” चतुराबाईंनी तिच्याकडं असं बघितलं की मला वाटलं, आता हिला मिळतोय प्रसाद. पण त्या हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि परत पहिल्यापासून सांगितलं. ब्लॉगवर तो असा आला :

‘मी शाळेत गेले न्हाई. भाऊ जायचा. त्याचं दप्तर जड व्हतं म्हणून मी शाळेच्या दारापर्यंत घेऊन जायची आन दारातून परत यायची. दारातून आत एक घंटा दिसायची. ती वाजवावी असं लई वाटायचं. आता रोज खिचडी झाली की घंटा मीच वाजवते. चष्म्याचं खोटं बोलले. खोटं बोललं की कालचं काय सांगितलं ते ध्यानात ठेवावं लागतं. त्यापरीस वाचायला शिकलेलं सोपं.’

खाली बऱ्याच प्रतिक्रिया आल्या. मला आवडलेली एकच सांगतो : ‘फोटो नाही, तरी ही बाई जिवंत आहे याची खात्री पटली. – भारत, किनवट.’

लिंबाखालची शाळा तशीच चालू राहिली, फक्त तिचे आता दोन भाग झाले. आधी चतुराबाई मुलांचे लेख ऐकणार. मग मुलं चतुराबाईंना अक्षरं शिकवणार. सबब चालायची नाही, कारण चष्मा आता नाकावर होता. भागवत फार कडक मास्तर निघाला. मी त्यात लक्ष घातलं नाही, आणि तिथंच फसलो.

ह्या उन्हाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. घंटा व्हायची होती, मुलं ताटं घेऊन रांगेत उभी होती. मी चमचाभर खिचडी चाखली, वहीत शेरा लिहिला.

“काय लिवलं, सर?”

“मीठ जास्त, असं लिहिलंय,” मी सवयीनं म्हणालो.

त्यांनी वही स्वतःकडं ओढली. चष्मा वर सारला. माझ्या अक्षरावर बोट ठेवलं. “च... व...” माझे कान तापायला लागले. “चां... ग... ली...” बोट थांबलं. मग त्यांनी आदल्या दिवसावर बोट ठेवलं. मग त्याच्या आदल्या. पान उलटलं. परत उलटलं. तेच तीन शब्द सगळीकडं; शिकायला इतकी सोपी वही दुसरी कुठली मिळणार होती? मला वाटलं, डाव आता माझ्याच डोक्यात बसतो.

“चुकलो, चतुराबाई,” मी म्हणालो.

त्यांनी वही मिटली नाही. माझ्यापुढं सरकवली आणि लिंबाखाली पोरांना सांगतात त्याच आवाजात म्हणाल्या, “हे कुनाच्याबी खिचडीचं हाय, सर. परत लिवा.”

मी शेरा खोडला. खिचडीचा आणखी एक घास घेतला, या वेळी खरंच चव घेऊन, आणि लिहिलं : ‘मीठ जास्त. डाळ मऊ. लसणाची फोडणी एक नंबर.’ लिहून झाल्यावर वाचून दाखवायला तोंड उघडलं.

“तुमी न्हाई,” त्या म्हणाल्या. “म्या वाचते.”

आणि त्या वाचायला लागल्या. एकेक अक्षर, बोट ठेवून, मधेच मागं जाऊन. खिचडी गार होत होती. रांगेतल्या एकाही पोरानं कुरकुर केली नाही. ‘फोडणी’पाशी त्या फार वेळ अडल्या, तेव्हा भागवतनं पुढचं अक्षर सांगायला तोंड उघडलं, तर ज्ञानेश्वरीनं त्याच्या पाठीत रिकामं ताट घातलं.